दत्तकविधान

मनुष्याच्या अंतःकरणात दयेचा उद्भव नेमका केव्हा होतो याविषयी शास्त्रकारांत मतभेद असले, तरी सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तो बहुधा होतो, असे माझे निरीक्षण आहे. तोपर्यंत ती बिचारी प्रलंबित प्रकरणांच्या गठ्ठ्यात कोठेतरी धूळ खात पडलेली असते. आयुष्यभर इतरांच्या अर्जांवर ‘कागदपत्रे अपूर्ण, सबब परत’ असा शेरा मारण्यात ज्याने धन्यता मानली, तो गृहस्थ एके दिवशी गंगापूर रस्त्यावरून प्रभातफेरी आटोपून येताना कोपऱ्यावरच्या कुत्र्याला ग्लुकोजचे एक बिस्किट टाकतो, आपल्याला कोणी पाहिले की नाही याची चोहोंकडे नजर फिरवून खात्री करून घेतो, आणि आपण भूतदयेच्या मार्गाला लागल्याचे घरी येऊन जाहीर करतो. नाशिकसारख्या पुण्यक्षेत्री या विकाराला हवापाणीही अनुकूल. बारा वर्षांनी एकदा अवघा देश रामकुंडावर पुण्य मिळवण्यासाठी लोटतो. आम्ही नाशिककर मात्र ते केवळ रहिवासाच्या दाखल्यावर आपल्या खाती जमा झालेले आहे असे धरून चालतो.

माझ्या दयेला सौभाग्यवतींनी वेळीच वळण लावले. “बिस्किटं टाकून पुण्य मोजत बसण्यापेक्षा एक कुत्रा घरीच आणा,” असे त्या म्हणाल्या, आणि पुण्यात राहणाऱ्या आमच्या कन्यकेने फोनवरून ठरावाला अनुमोदन देताना, “बाबा, विकत मात्र घ्यायचा नाही हं, शेल्टरमधून दत्तक घ्यायचा,” अशी उपसूचना जोडली. ही उपसूचना मला फारच पसंत पडली, कारण तीत धर्म होता, अर्थ तर होताच, आणि शिवाय चारचौघांत भाव खाण्यालाही भरपूर वाव होता. ज्या जिवाला जगात कोणी विचारीत नाही तो आपण होऊन पदरात घ्यायला निघालेल्या वयोवृद्ध सद्गृहस्थाचे त्या निवाऱ्यातील मंडळी फाटकापर्यंत येऊन स्वागत करतील, शालश्रीफळ नाही तरी निदान अर्धा कप चहा पुढे करतील, आणि आपण “छे छे, त्यात काय एवढे!” असे म्हणून तो विनयाने स्वीकारू, इथपर्यंत सर्व दृश्य माझ्या मनश्चक्षूंपुढे सिद्ध होते. प्रत्यक्षात शहराबाहेरच्या त्या निवाऱ्याच्या फाटकाशी ज्यांनी माझे स्वागत केले ते सर्व चतुष्पाद होते, आणि द्विपादांपैकी जीन्स घातलेली जी एक मुलगी पुढे झाली तिने माझ्या हाती चहाऐवजी सहापानी अर्ज ठेवला.

“काका, आधी हा भरा. मग बघू.”

‘मग बघू’ हे शब्द मी नोकरीत असताना इतक्या इसमांना ऐकवले होते की, ते फिरून माझ्याकडे येतील तेव्हा त्यांना एवढी धार चढलेली असेल याची मला कल्पना नव्हती.

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून मी उभा जन्म काढला. बिगरशेतीपासून बंदुकीच्या परवान्यापर्यंत नाना नमुन्यांचे अर्ज माझ्या हातांखालून गेले; परंतु बंदूक मागणाऱ्यालाही सरकार इतके खाजगी प्रश्न विचारीत नाही. घर स्वतःचे की भाड्याचे, भाड्याचे असल्यास मालकाची ना-हरकत. घरातील सर्व सज्ञान इसमांची संमती, सहीनिशी. प्राणी दिवसातून किती तास एकटा राहील. आपण परगावी गेल्यास अथवा अंथरुणाला खिळल्यास त्याची तजवीज काय. त्यास साखळीने बांधून ठेवणार नाही, गॅलरीत कोंडणार नाही, परस्पर दुसऱ्या कोणास देणार नाही अशी कबुलायत. आणि शेवटाकडे, यापूर्वी घरात प्राणी होता काय, असल्यास तो कशाने मेला. या प्रश्नापाशी माझी लेखणी बराच वेळ अडली. लहानपणी आमच्या रविवार कारंज्यावरच्या वाड्यात एक राघू होता आणि पिंजऱ्याचे दार उघडे राहिल्याची संधी साधून तो एका दुपारी निघून गेला, तो आजतागायत परतलेला नाही. पुष्कळ विचारांती ‘मृत्यूचे कारण’ या रकान्यात मी ‘फरार’ असे नमूद केले. त्याच्याच खाली ‘आपल्या पश्चात प्राण्याची जबाबदारी कोण घेईल?’ असा प्रश्न होता, आणि माझे वय वाचून झाल्यावर त्या मुलीने नेमक्या त्याच प्रश्नाखाली पेन्सिलीने हळूच एक रेघ ओढली, हे मला विशेष लागले. लॉर्ड डलहौसीने १८४८ साली दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा केले म्हणून इतिहासकार त्याला आजवर दूषणे देत आले आहेत. पण दत्तक घेणाऱ्याच्या गॅलरीला जाळी आहे किंवा नाही हे त्यानेसुद्धा विचारल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

अर्ज तहकूब झाला. आधारकार्डाची छायाप्रत जोडलेली नव्हती, आणि सौभाग्यवतींच्या सहीचे वळण माझ्या सहीच्या वळणाशी संशयास्पद रीतीने जुळत होते.

वस्तुतः श्वानांच्या बाबतीत आपल्या मुलुखाची परंपरा मोठी जाज्वल्य आहे. १८३२ सालच्या जून महिन्यात मुंबईच्या पोलिसांनी बेवारशी कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि दर कुत्र्यामागे बक्षीस ठेवले, तेव्हा शिपाईमंडळींची कर्तव्यनिष्ठा एकाएकी इतकी उफाळून आली की, बेवारशी संपल्यावर त्यांनी लोकांच्या ओसरीवरच्या कुत्र्यांनाही हात घातला. उद्दिष्ट ठरवून दिले की सरकारी काम कोणत्याही शतकात असेच भरभर उरकते. श्वानाला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने त्यावर बाजार बंद पाडला, रस्त्यावर उतरून दगडफेक केली, आणि साहेबाच्या पलटणीचा रसदपुरवठा अडवून त्याला एक दिवस पावालोण्याला महाग केले. पुढे दोनच वर्षांत शेठ जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभी राहिली. आमच्या पंचवटीचीही पांजरापोळ १८७८ पासूनची आहे, आणि चुंचाळ्याची तिची झाडी आजही औद्योगिक वसाहतीच्या उंबरठ्यावर हिरवीगार उभी आहे. एवढ्या सर्व इतिहासात कुत्र्यासाठी लोकांनी दगड मारले, दुकाने बंद केली, जमिनी दिल्या; छायाप्रत मात्र कोणी जोडली नव्हती. हे मी त्या मुलीला सांगून पाहिले. ती म्हणाली, “काका, झेरॉक्सचं दुकान चौकात आहे.”

झेरॉक्स होऊन येईपर्यंत आवार पाहून घेतले. एका बाजूला चुलाण्यावर भल्या मोठ्या पातेल्यात हळद घातलेला भात आणि कोंबडीचे पाय रटरटत होते व त्या वासाने सर्व रहिवाशांचे चित्त एकाग्र झाले होते. तीन पायांचे, एका डोळ्याचे, कमरेपासून लुळे झालेले असे जीव तेथे असतील ही माझी अपेक्षा होतीच. पण ज्यांच्या एकेका पिल्लाला लोक माझ्या निवृत्तिवेतनाहून अधिक किंमत मोजतात, तसले उमदे, केसाळ, वंशावळीवाले श्वानही तेथे पंगतीला बसलेले पाहून मी चकित झालो. एप्रिलात चाळिशी गाठणाऱ्या आमच्या गावात एक सैबेरियन हस्की पाण्याच्या टाकीच्या सावलीला चारी पाय पसरून पडला होता.

“याला का सोडला?” मी विचारले.

“एसीचं लाइटबिल परवडेना म्हणून.”

“आणि हा लॅब्रेडॉर?”

“मुलगा बारावीला बसला, काका. अभ्यासात व्यत्यय येतो म्हणाले.”

“ही पांढरी?”

“वास्तुशास्त्रवाल्यांनी सांगितलं, ईशान्य कोपऱ्यात कुत्रा नको. दुसरा कोपरा सोफ्याला लागत होता.”

काळ्या कुत्र्यांची कहाणी त्याहून और. शनिवारी त्यांना तेल लावलेल्या पोळ्या घालायला साडेसातीवाल्यांची एवढी रीघ लागते म्हणे, की त्या दिवशी चुलाण्यावर पातेले चढवले नाही तरी चालते. परंतु तीच मंडळी रविवारी दत्तक घ्यायला आली, की “काळा नको हो, जरा उजळ दाखवा,” असे म्हणतात. शनीची पीडा टळेपर्यंत काळ्याचे पाय धरायचे आणि घरात आणताना गोऱ्याचा हात धरायचा, ही रीत वधूवरांच्या बाजारात आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. ती श्वानांपर्यंत पोहोचली आहे एवढेच.

पुढील आठवड्यात ‘गृहपाहणी’ झाली. या प्रसंगाचे वर्णन एकाच उपमेने होऊ शकते, आणि ती म्हणजे मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाची. फरक इतकाच की या वेळी पोहे करून, पडदे बदलून, ठेवणीतल्या कपबश्या काढून खाली मान घालून आम्ही बसलो होतो. त्या मुलीबरोबर दाढीवाला एक तरुणही आला होता. त्याने गॅलरीचे गज हलवून पाहिले, पायपुसणे उचलून पाहिले, फिनेल कोणते वापरता ते विचारले. मुलीने माझ्याकडे टक लावून पाहत प्रश्न केला, “काकांना राग येतो का?”

“मला? मुळीच नाही,” मी म्हणालो.

“मी काकूंना विचारते आहे.”

सौभाग्यवतींनी जे उत्तर दिले ते बरेच तपशीलवार होते आणि त्यात १९९० सालच्या एका कुकरच्या शिट्टीचाही उल्लेख होता. दाढीवाला तरुण सर्व टिपून घेत होता. निघताना त्यांनी ‘दोन दिवसांत कळवतो’ असे सांगितले, तेव्हा आम्ही उभयता जिन्यापर्यंत पोहोचवायला गेलो, आणि “आमच्याकडून काही उणे पडले असल्यास...” हे वाक्य माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडले.

पसंती आली. मग प्रत्यक्ष निवडीचा दिवस. दत्तकाच्या बाबतीत नाशिक जिल्ह्याचा अधिकार मोठा आहे, हे येथे सांगितले पाहिजे. मालेगावजवळच्या कवळाणे गावातला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ सालच्या मे महिन्यात बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि महाराजा सयाजीराव झाला. दत्तकासाठी आणलेल्या मुलांना महाराणी जमनाबाईंनी “तुम्ही इथे कशासाठी आलात?” असे विचारले, तेव्हा बाकीचे गोंधळले आणि गोपाळने मात्र “मी राज्य करायला आलो आहे,” असे ठणकावून सांगितले, अशी आख्यायिका आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. आमच्यापुढेही तिघे उमेदवार आणले गेले. पहिले तांबूस पिल्लू माझ्या बुटाजवळ आले, त्याचा वास घेतला, आणि त्यावर आपली मोहोर उठवून निघून गेले. दुसरे सौभाग्यवतींच्या पदराआड लपले ते बाहेर येईना. तिसरा एक काळा, वयात आलेला, कानाला खाच पडलेला गडी होता. त्याने आम्हा दोघांकडे एकवार पाहिले, शेपटी ना हलवली ना खाली घातली, आमच्या मधून चालत सरळ फाटकाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षेपाशी गेला, वर चढला, आणि मागच्या आसनाच्या अगदी मधोमध बसला. याला मराठी येत नव्हते एवढेच, उत्तर तेच होते. रिक्षावाल्याने मागे वळून विचारले, “साहेबांना कुठं सोडायचं?” आणि परतीच्या प्रवासात मी चालकाशेजारी अर्ध्या फळीवर बसलो.

कानाची ती खाच पाहून सोसायटीतल्या प्रत्येकाने “अरेरे, कोणी कापला हो?” असे विचारले. निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस झाल्याची ती खूण असते, पुन्हा तोच कुत्रा पकडला जाऊ नये म्हणून भुलीतच कानाचा लहानसा तुकडा काढतात, हे मी प्रत्येकाला अभिमानाने समजावून सांगत असे. कारकुनाच्या दृष्टीने ही योजना अप्रतिम आहे. दाखला देहालाच जोडलेला. त्याची प्रत लागत नाही, तो पावसात भिजत नाही, आणि ‘मूळ प्रत सादर करा’ म्हटल्यास मूळ प्रत स्वतःच्या पायांनी चालत येते.

दुसरा प्रश्न, “जात कोणती?” हा तर ठरलेलाच. एरवी चारचौघांत जात विचारू नये इतका सुसंस्कृतपणा आता सर्वांच्या अंगी आला आहे. पण माणसांच्या बाबतीत तुंबून राहिलेली ती सगळी जिज्ञासा कुत्र्याचे निमित्त होताच मोकळी होते. “कोकणातला वाटतो.” “छे, कानांवरून बाप बडा असावा.” “आईकडून गावठी, पण बापाकडून जर्मन असेल.” दुसऱ्या मजल्यावरच्या गुरुजींनी अखेर हा वाद शास्त्राधाराने मिटवला. ज्याला आपले गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप समजावे हा नियम, आणि भागवतात तर कश्यपपत्नी सरमा हिच्यापासूनच समस्त श्वापदे झाल्याचे सांगितले आहे. सबब हा निःसंशय काश्यपगोत्री. माझेही गोत्र काश्यप. त्या दिवसापासून गुरुजी आम्हा दोघांचा उल्लेख एकत्रच करतात.

सोसायटीच्या अध्यक्षांनी मात्र हरकत नोंदवली. मासिक सभेत विषय क्रमांक चार ‘श्वान’ असा होता, पाणीटंचाईच्याही आधी. त्यांचे म्हणणे असे की, कुत्रा आला की त्याच्या वासाने बिबट्या येतो. नाशकात हा युक्तिवाद हसण्यावारी नेता येत नाही. येथे उसाच्या फडातून आणि गोदावरीच्या काठाकाठाने बिबट्या खरोखरच वस्तीत उतरतो, आणि एखादे दिवशी सकाळी दूधवाल्याऐवजी वनखात्याची जाळीवाली गाडी दारात उभी दिसते. मी म्हणालो, “बिबट्या तिसऱ्या मजल्यावर कसा येईल?” अध्यक्ष म्हणाले, “लिफ्टने येईल! कुत्र्याला परवानगी दिली की पुढे नाही कोणाला म्हणणार?” मग मी भारतीय प्राणी कल्याण मंडळाचे २०१५ चे परिपत्रक काढले. पाळीव प्राणी ठेवण्यास सोसायटीला बहुमतानेही बंदी करता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. कायद्याच्या जोडीला मी धर्मही उभा केला. इंद्राने रथात कुत्र्याला जागा नाकारली तेव्हा युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला, हे मी सभेपुढे गंभीर स्वरात सांगितले. “पण तुम्ही काय नाकारणार?” असे कोणीतरी मागून विचारले. देखभालखर्चाची वर्गणी, असे मी म्हणताच परवानगी मिळाली. हल्ली रात्री दहानंतर अध्यक्ष स्वतः उकडलेले अंडे रुमालात गुंडाळून आमच्या दाराशी येतात आणि “बिबट्यावर लक्ष ठेवायला ताकद हवी,” असे कारण सांगतात.

परंतु या सर्व संकटांहून बिकट संकट पशुवैद्यांनी दिलेल्या एका कागदातून उद्भवले. कुत्र्याला जे पदार्थ विषासमान, त्यांची ती यादी होती. चॉकलेट होते, ते आमच्याकडे नातवंडे आल्याखेरीज येत नाही. पण त्याखाली लिहिले होते: द्राक्षे, बेदाणे, आणि कांदा, कच्चा असो वा शिजलेला. द्राक्षाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि कांद्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. तो कागद मी पुन्हा वाचला. जगाच्या पाठीवर असा एकच जिल्हा असेल की ज्याच्या निफाड-दिंडोरीची द्राक्षे सातासमुद्रांपार जातात आणि ज्याच्या लासलगावच्या कांद्याचा भाव दिल्लीच्या तख्ताला घाम फोडतो, आणि विधात्याने नेमक्या याच दोन वस्तू श्वानजातीला वर्ज्य ठरवल्या आहेत! हा कुत्रा रत्नागिरीत जन्मता तर आंबे खाऊन सुखाने जगता.

माघापासून चैत्रापर्यंत आमच्याकडे येणारा एकही पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही, आणि त्या हातात पिशवी असली तर पिशवीत द्राक्षेच असतात. पिंपळगावचे आमचे मेहुणे तर पेटी घेऊन येतात. पूर्वी त्यांचे स्वागत “या, या, बसा” असे होई, आता सौभाग्यवती दारातच “दादा, खिशात बेदाणे नाहीत ना?” असे विचारून त्यांची झडती घेतात. द्राक्षे खाण्याचा विधी डायनिंग टेबलावर दार लावून होतो, मणी मोजून ताटलीत येतात आणि देठांवरून हिशेब लागतो. एकदा एक मणी हिशेबात कमी भरला. तेव्हा मेहुणे, मेहुणी, सौभाग्यवती आणि मी, असे चार ज्येष्ठ नागरिक सोफ्याखाली पालथे पडून शोध घेत होतो व तो काळा गृहस्थ सोफ्यावर बसून आमचे निरीक्षण करीत होता. मणी मेहुण्यांच्या दाताच्या कवळीत सापडला.

सत्यनारायणाच्या दिवशी तर धर्मसंकटच उभे राहिले. प्रसादाचा शिरा बेदाण्यांवाचून होत नाही, आणि प्रसाद न घेता गेलेल्या कलावतीच्या नवऱ्याची नौका बुडाली, ही कथा गुरुजींनी नुकतीच आमच्यासमोर वाचलेली. कुत्रा प्रसादाच्या वासाने चौरंगापाशी येऊन उभा. द्यावा तर मूत्रपिंडाची भीती, न द्यावा तर नौकेची. गुरुजींनी क्षणभर डोळे मिटून पाहिले आणि बिनबेदाण्याच्या शिऱ्याचा वेगळा नैवेद्य दाखवण्यास अनुज्ञा दिली; पुढच्या पौर्णिमेपासून ते स्वतःच, “काश्यपांचा शिरा निराळा काढलात ना?” असे विचारू लागले.

कांद्याचा निकाल त्याहून कठोर लागला. एक स्वयंपाक कांद्याचा आणि एक बिनकांद्याचा करण्याचे त्राण आपल्यात नाही, आणि चुकून भांडी बदलली तर जबाबदार कोण, असा सवाल करून सौभाग्यवतींनी घरातून कांदाच हद्दपार केला. वैष्णवांचा चातुर्मास कार्तिकात संपतो. माझा संपतच नाही. बिनकांद्याचे पोहे, बिनकांद्याचे पिठले, बिनकांद्याची भरली वांगी असा आहार चालू झाल्यावर मी अधूनमधून ‘वाचनालयात जाऊन येतो’ असे सांगून गावात जातो आणि मिसळीवर कांद्याची मूठ उलटी करून घेतो. घरी येताना बडीशेप खातो, पान खातो. पण दार उघडताच तो माझ्या तोंडापाशी नाक आणतो, दीर्घ श्वास घेतो, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सौभाग्यवतींकडे टक लावून बसतो. मग आतून विचारणा होते, “वाचनालयात आज रस्सा तिखट होता का?”

त्याचे इतर अपराध त्या मानाने किरकोळ. आरंभी त्याला पोटभर घातले तरी त्यातली अर्धी भाकरी तो लपवून ठेवी. ताटात उद्या काही पडेल यावर त्याचा भरवसा नसे. एके सकाळी तुळशीला पाणी घालताना सौभाग्यवतींना कुंडीतून दातांच्या खुणा असलेली, मातीने नीट लिंपलेली भाकरीची कड वर आलेली दिसली, आणि शेजारी नाकाच्या शेंड्यावर माती घेऊन आरोपी स्वतः उभा. “राहू दे हो, त्याची ठेव आहे,” असे म्हणून त्यांनी पाणी दुसऱ्या बाजूने घातले. माझी ठेव मात्र त्याने ठेवली नाही. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी द्यावयाचा माझा हयातीचा दाखला, राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी, त्याने टीपॉयवरून उचलून सावकाश खाल्ला. मी खिडकीपाशी गेलो.

“दाखला?”

“कुत्र्याने खाल्ला.”

खिडकीतल्या तरुणाने चष्मा कपाळावर चढवला. “कुत्रा हयात आहे?”

“आहे.”

“मग त्याचा आणा.”

मला तो तरुण आवडला. खात्याला अजून बरे दिवस आहेत.

राहता राहिला नावाचा प्रश्न. निवाऱ्यात त्याला ब्रूनो म्हणत. आम्ही मोत्या ठेवले, त्यावर काळ्याला मोत्या कसे म्हणता अशी गुरुजींची शंका; कन्यकेने फोनवरून आणखी दोन नावे सुचवली. तो कशालाच ओ देईना. मात्र घरात दिवसभर जी एक हाक घुमते, जिच्यामागून कधी चहा येतो, कधी पोळी, कधी फिरायला जाण्याचा हुकूम, ती त्याने आपल्या परीने हेरून ठेवली होती. सौभाग्यवतींनी आतून “अहो!” म्हटले, की मी वर्तमानपत्र खाली ठेवण्याच्या आत तो ओट्यापाशी हजर. रस्त्यातही तेच. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीची गंमत पाहायला गेलो असता गर्दीत त्याची साखळी माझ्या हातून सुटली, रंगाच्या पाण्यात माणसे धपाधप उड्या टाकीत होती, ढोल वाजत होता, आणि सौभाग्यवतींनी जिवाच्या आकांताने “अहो! अहो!” असा पुकारा केला, तेव्हा तिलभांडेश्वर गल्लीतले झाडून सारे विवाहित पुरुष वळून उभे राहिले आणि त्यांच्या पायांमधून हा वाट काढीत आला. बायकोची हाक ऐकून पहिल्या हाकेला येणारा हा एकच, असे तेथल्या स्त्रीवर्गाचे मत पडले. पशुवैद्यांच्या लसीकरणाच्या पत्रकावरही आता त्याचे नाव ‘अहो’ असेच आहे.

गेल्या आठवड्यात सौभाग्यवतींनी त्याच निवाऱ्याकडे दुसरा अर्ज केला. एका तीन पायांच्या मांजरीसाठी. मला त्यांनी विचारले नाही, पण या खेपेस अर्जदार त्या स्वतः असल्याने कागदपत्रे परिपूर्ण होती, छायाप्रती दोन-दोन होत्या, आणि संमतीच्या रकान्यातील माझी सही मी केली असती त्याहून सुवाच्य होती. ती जीन्सवाली मुलगी गृहपाहणीला आली, पोहे घेतले, बिनकांद्याचे आहेत हे पाहून खूष झाली, आणि अर्जाची पाने उलटू लागली. ‘घरात सध्या असलेले इतर प्राणी: नाव, वय व स्वभाव’ या रकान्यापाशी ती थबकली, आणि मोठ्याने वाचू लागली.

“नाव, अहो. वय, नक्की सांगता येत नाही, पण उतरतं. स्वभाव, गरीब, दिवसाचा बराच वेळ झोपून असतो, जेवण उशिरा झालं तर कुरकुर करतो, बाहेर सोडला तर नको ते खाऊन येतो.”

तिने कागद खाली केला. सोफ्याच्या एका टोकाला मी बसलो होतो, दुसऱ्या टोकाला तो. आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहून ती म्हणाली, “काकू, हे चालेल. पण मांजर आणल्यावर पहिले काही दिवस याला दुसऱ्या खोलीत ठेवावं लागेल.”

“ठेवीन की,” सौभाग्यवती म्हणाल्या. “त्याचं अंथरूण कालच हलवलंय.”

आम्ही दोघेही उठून पाहायला गेलो.